ओल्या तेलाचा आळ

मे महिना अर्धा उलटला होता. नत्थू नागपुरात सक्करदऱ्याला चारुशीलाबाईंच्या दारात आला, तेव्हा घामानं निथळत होता.

"बाई, मालकानं सगळ्यांसमोर मले चोर म्हटलं. संध्याकाळी पोलिसाले बोलावून राहिले."

नत्थू ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यात तेलाचं स्टोअर सांभाळायचा. या तेलात पाणी वाढलं की ट्रान्सफॉर्मर जळतो. पंधरा दिवस पिंपामागून पिंप ओलं निघत होतं. नत्थू चांगलं तेल विकून भेसळ भरतो, असा मालकांचा संशय होता.

चारुशीलाबाई खासगी तपास करत. त्या कारखान्याकडे निघाल्या, मागोमाग त्यांचे दीर भैयाजी, हातात चिवड्याची पुडी. वहिनींच्या तपासात आपलं काम खाण्याचं, हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं.

मालक गोपाळराव ठाम होते. "बुधवारी मी स्वतः दिवसभर स्टोअरमध्ये बसलो. तेवढ्याच दिवशी तेल कोरडं निघालं! आणखी काय पुरावा हवा?"

भैयाजींना ते पटलं. नत्थूचं उतरलेलं तोंड मात्र त्यांना बघवेना.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत शिरताच त्यांचा जीव गार झाला. खिडकीत वाळ्याचा कूलर घोंघावत होता. तेल तपासणाऱ्या प्रेमिलाला आठवा महिना होता. मे लागल्यावर तिच्यासाठी तो बसवला होता.

"नत्थूभाऊच बादल्या आणून भरतात जी," ती म्हणाली. "बुधवारी नळ आले नाही, कूलर कोरडाच फिरला. जीव नकोसा झाला."

"तेल तपासता कसं?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"भांड्यात ओततो, बुडबुडे निघायले अर्धा तास ठेवतो, मग पाणी मोजतो."

"झाकण लावून?"

"नाही जी, उघडंच."

टेबलावर ठेवलेल्या पुडीतून भैयाजींनी मूठ भरली आणि तोंड वाकडं केलं. "वहिनी, हा तर सादळला! मघा चांगला कुरकुरीत होता."

चारुशीलाबाई हसल्या. त्यांनी गोपाळरावांसमोर सीलबंद पिंप फोडून दोन बाटल्या भरवल्या. पहिली कूलरसमोर नेहमीसारखी तपासली. दहा लाख भागांत अठ्ठावन्न भाग पाणी निघालं. मग कूलर बंद करून खिडक्या उघडल्या, तासभर बाहेरचा गरम वारा खेळू दिला. दुसऱ्या बाटलीत निघाले सोळा.

"तेल हवेतला ओलावा ओढून घेतं," त्या म्हणाल्या, "भाऊजींच्या चिवड्यासारखं. बाहेर हवा ठणठणीत कोरडी, इथं कूलरची दमट. बुधवारी कूलरला पाणी नव्हतं, म्हणून तेल कोरडं निघालं. तुमच्या पहाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही."

"मग पाणी आणलं कोणी?" भैयाजींनी विचारलं.

"नत्थूनंच. पोटुशी बाईला उकडू नये म्हणून."

प्रेमिलाच्या डोळ्यांना धार लागली. तिच्याच आकड्यांनी त्याला चोर ठरवलं होतं.

गोपाळराव खाकरले. "नत्थू, झालं ते विसर. कामाला लाग."

नत्थू हलला नाही. "साहेब, चोर म्हटलं तवा सारा कारखाना उभा होता."

 गोपाळराव रणरणत्या उन्हात बाहेर गेले आणि घंटा वाजवली. सगळे कामगार अंगणात जमले.

"नत्थूनं चोरी केली नाही," त्यांनी हात जोडले. "चुकलो मी."

इतका वेळ खंबीर राहिलेला नत्थू खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागला.