कपाटातले खडू का वितळले?

"माझा लाल खडू कुणी मोडला?" मधुवंतीने भोकाड पसरलं.

रुचिरा धावत गेली. भिंतीतल्या कपाटातले सगळे मेणाचे खडू वाकून एकमेकांना चिकटले होते. नुसता रंगीत लगदा!

"चेन्नईतला मे महिना! आता आपणच वितळायचे राहिलोय!" पुष्कर म्हणाला.

गिंडीजवळच्या त्या इमारतीत बरीच मराठी कुटुंबं राहत. बहुतेकांचे बाबा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत कामाला होते. मुलं मात्र तमिळच जास्त बोलत. म्हणून २००६च्या त्या सुट्टीत कमलिनीकाकू तळमजल्यावरच्या खोलीत दुसरीतल्या मुलांना मराठी वाचायला शिकवत होत्या. आठवीतली रुचिरा आणि सातवीतला पुष्कर त्यांच्या मदतीला होते.

सध्या माहितीचे उतारे चालू होते. काकू सांगत, "माहिती कशी रचली आहे ते ओळखा. 'आधी, नंतर' आलं की क्रम. 'पण' आलं की बहुतेक तुलना. 'म्हणून' आलं की कारण आणि परिणाम. कुठे अडचण असते आणि तिचा उपाय."

आज त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'खडू वितळले.'

"हा झाला परिणाम. कारण काय?"

"ऊन!"

"भूत!" संकेत ओरडला. सगळे खिदळले.

"पण समोरच्या कपाटातले खडू नाही वितळले!" मधुवंती नाक पुसत म्हणाली.

"शाब्बास! ही झाली तुलना," काकू हसल्या.

रुचिरा मात्र हसली नाही. या भिंतीवर तर ऊन येतच नव्हतं! तिने भिंतीला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला. केवढी गरम! पलीकडून घुंऽऽ असा आवाज येत होता. रबर जळल्यासारखा वासही.

पलीकडे इमारतीची मीटरची खोली होती.

छोटी मुलं रोज याच भिंतीला टेकून बसत होती!

"काकू, मुलांना बाहेर न्या! आत्ताच्या आत्ता!"

काकूंनीही भिंतीला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. मुलं अंगणात गेली. मीटरच्या खोलीची चावी होती सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णकांतकाका यांच्याकडे. काकू, रुचिरा आणि पुष्कर त्यांच्या दाराशी पोहोचले.

"अहो, पोरांचं काय ऐकता!" काका हातातलं वर्तमानपत्र हलवत म्हणाले. "परवाच इलेक्ट्रिशियन म्हणाला, सगळं ठीक आहे."

"तो येऊन गेला?" रुचिराने विचारलं.

"फोनवर म्हणाला."

"फोनवरून भिंत दिसते?" पुष्करच्या तोंडून निसटलं.

"आगाऊपणा पुरे! या उकाड्यात लाइट बंद केली तर लोक मला खातील!" दार धाडकन बंद झालं.

काकूंनी वीज कार्यालयाला फोन लावला. एंगेज! पुन्हा लावला. पुन्हा एंगेज!

"संध्याकाळी सगळे घरी येतील, एसी लावतील, तारा आणखी तापतील. मग?" रुचिराने विचारलं.

"आपलं कुणी ऐकत नाही, पण काकांना हारतुरे किती आवडतात!" पुष्कर हळूच म्हणाला.

रुचिरा त्याच्याकडे बघत राहिली. "पुष्क्या, सगळ्यांच्या आयांना बोलाव! लगेच!"

थोड्याच वेळात अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. छोट्यांचा वाचनाचा कार्यक्रम, प्रमुख पाहुणे कृष्णकांतकाका! काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर. पहिल्या पाळीच्या लोकांना घेऊन कंपनीची बसही आली. शेषगिरीकाका उतरले, ते कारखान्यात विजेचं काम बघणारे इंजिनिअर.

संकेत उभा राहिला. "आधी खडू मऊ झाले. नंतर वाकले. नंतर चिकटले."

"खोलीतली एक भिंत गरम आहे, पण समोरची भिंत गार आहे," मधुवंती म्हणाली.

रुचिरा पुढे आली. "त्या गरम भिंतीमागे मीटर आहेत. तिथे काहीतरी जळतंय, म्हणून भिंत तापली आहे. अडचण अशी, की चावी पाहुण्यांकडे आहे. उपाय पाहुण्यांनीच सांगावा!"

"अगंबाई! तिथेच टेकून बसतात ना आपली पोरं?" मधुवंतीची आई उभी राहिली.

सगळ्यांच्या नजरा कृष्णकांतकाकांकडे वळल्या. काका भिंतीला हात लावून बघायला तणतणत वाचनाच्या खोलीत गेले. आतून आवाज आला, "अय्यय्यो!" ते हात झटकतच बाहेर आले आणि चावीसाठी पळाले.

दार उघडताच धुराचा लोट आला. वर, घराघरांतले दिवे लुकलुकले.

"मागे व्हा! कुणी आत जायचं नाही!" शेषगिरीकाका ओरडले आणि त्यांनी जुडग्यातल्या दुसऱ्या चावीने दाराबाहेरची पेटी उघडून मेन स्विच खाली ओढला. सगळ्या इमारतीतले पंखे थांबले.

धूर विरल्यावर त्यांनी टॉर्च मारला. जाड केबल एका जोडापाशी काळी पडली होती, तिच्यावरचं रबर गळत होतं. आणि खालीच ठेवले होते रंगाचे डबे आणि रद्दीचे गठ्ठे!

"आज रात्री इथे आग लागली असती," शेषगिरीकाका सावकाश म्हणाले.

कृष्णकांतकाकांनी कपाळावरचा घाम पुसला. "ते डबे मीच ठेवलेत. मुलांनो, माझं चुकलं. फार चुकलं."

"आमच्याकडे यंत्र बंद पडलं की मोठे इंजिनिअरही असाच विचार करतात. दुसरीतली पोरं करताना आज पहिल्यांदा बघितली!" शेषगिरीकाकांनी संकेतला उचलून खांद्यावर घेतलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

रुचिरा मात्र पायरीवर बसली होती. तिची आई शेजारी येऊन टेकली.

"घाबरली होतीस?"

"खूप. कुणी ऐकलंच नसतं तर?"

"घाबरूनसुद्धा बोललीस, बाळा. मोठ्यांनाही जमत नाही ते."

दिवसभर आवरून धरलेलं रडू रुचिराला आता कुठे आलं.