सगळ्यांच्या चपला सावलीत

परक्या बाईच्या चपलांना न विचारता हात लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते तुम्हीच सांगा. मी तरी त्या दिवशी त्याला मनातल्या मनात चांगले चार शब्द सुनावले होते.

त्या जुन्या बुद्धमंदिराच्या पहिल्या दालनातून मी बाहेर आले, तर पायरीवर काढलेल्या माझ्या चपला जागेवर नाहीत. नव्याकोऱ्या होत्या, सुनेने खास सहलीसाठी घेऊन दिलेल्या. उन्हाने दगड असा तापलेला, की पाय टेकवेना. मी घटकाभर डाव्या पायावर उभी, घटकाभर उजव्या... आणि पलीकडे भिंतीच्या सावलीत एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस वाकून बायकांच्या चपला जोडीजोडीने लावत होता.

"चोरताय की विकताय?" मी विचारलं.

त्याने वर पाहिलं. डोळे हसरे. राग आला मला त्या डोळ्यांचा.

"सावलीत ठेवतोय. उन्हात तळवे तापतात, मग घालताना पाय भाजतो." एवढं बोलून त्याने त्या रांगेतून बरोब्बर माझी जोडी उचलली आणि माझ्या पुढ्यात आणून ठेवली. "ह्याच ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळ्यांत रागावलेल्या ह्याच दिसत होत्या."

पोरींनो, मी हसले नाही. माझ्या घरात पडदे शिवायचा कारखाना आहे, आमचे हे गेल्यापासून मीच तो सांभाळते, दोन मुलगे आहेत, दोन सुना आहेत, आणि मला विचारल्याशिवाय तिथे पडद्याला चुणीसुद्धा पडत नाही. अशा बाईने पायरीवर उभं राहून परक्या पुरुषापुढे फिदीफिदी हसायचं नसतं. पण चपला घालताना अंगठा दोनदा चुकला, हेही खरं.

तो आमच्याच सहलीतला निघाला. अधल्यामधल्या थांब्यावर बसमध्ये चढला होता म्हणे, आणि मी तेव्हा खिडकीला डोकं टेकून घोरत होते. उभी हयात त्याने बस चालवली, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सहलीतले सगळे त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणायला लागले होते, आणि तो सगळ्या बायकांना ताई. ही ताई, ती ताई, काठीवाल्या ताई, कॅमेऱ्यावाल्या ताई. मला मात्र काहीच म्हणत नव्हता. नुसता बघायचा आणि बोलायला लागायचा. मला वाटलं, आपण एवढ्या खाष्ट दिसतो की काय, की माणसाला नातंसुद्धा जोडवत नाही.

संध्याकाळी यात्रेकरूंच्या निवासात चहाला तो माझ्या समोर येऊन बसला. आणि माझी नजर गेली ती त्याच्या कॉलरवर. विरलेली कॉलर उसवून, उलटी करून परत लावलेली होती. टाके असे बारीक, की शिवणकामातल्या माणसालाच कळावेत. माझ्या काळजात सुई टोचली. हे बाईच्या हातचं काम. कोण असेल? शेजारीण? मेहुणी? चहा निवून गेला तरी मी त्या न पाहिलेल्या बाईला नावं ठेवत बसले होते.

शेवटी न राहवून विचारलं. "कॉलर कुणी उलटली?"

"मीच."

"खोटं."

"खरंच. ही गेल्यावर शिकलो. का, काही चुकलंय?"

चुकलं काहीच नव्हतं. मी म्हटलं, डावं टोक जरा ओढलं गेलंय. तर तो गडी मान माझ्याकडे झुकवून म्हणाला, कुठे ते दाखवा... साध्या साबणाचा वास आला. मी बोटाने कॉलरचं टोक धरलं आणि जे बिनसलंच नव्हतं ते नीट केलं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण घोडं अडलं ते वन्संपाशी.

वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शाळेत गाणं शिकवलं, आता माझ्याच घरात वरच्या खोलीत राहतात. बाई सोन्यासारखी, हे मी त्यांच्या माघारी कबूल करते. पण त्या सहलीत सोन्याला जरा जास्तच झळाळी चढली होती. घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण मनगटाच्या एका फिरकीत उघडणाऱ्या वन्संना पाण्याची बाटली उघडेना. ड्रायव्हरसाहेबांनी उघडून दिली. ते बघून काठीवालीने आपली बाटली पुढे केली, मग कॅमेऱ्यावालीने. त्याने सगळ्यांच्या उघडल्या, सगळ्यांना तेच हसू वाटलं. मग वन्संना त्याच्या शर्टाचं एक बटण सैल झालेलं दिसलं. मी लावून देते, म्हणाल्या. ज्या बाईने उभ्या जन्मात सुईत दोरा ओवला नाही, ती बटण लावणार. आणि तोही म्हणतो कसा, तुमचे उपकार होतील, ताई.

मंदिराच्या आवारात जागोजागी माहितीचे फलक होते. मी चौथीत शाळा सोडलेली. वाचता येतं, पण अक्षर अक्षर जोडत. मी पहिल्या ओळीवर असायची तेव्हा वन्संचा अख्खा फलक वाचून झालेला असायचा, तोही गोड आवाजात, चढउतारासकट. कुठल्या राजाने बांधलं, किती वेळा पडलं, कुणी पुन्हा उभारलं. तो मान डोलवत ऐकायचा. मी मागे उभी राहून खांबावर कोरलेले हत्ती बघायची. हत्ती एकमेकांची शेपटी धरून मुकाट चालले होते. त्यांचं बरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं केसांना तेल लावता लावता सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, की त्यांनी ड्रायव्हरसाहेबांना आपल्या घरी चार दिवस राहायला बोलावलंय. तो बस सुटायच्या आत सांगतो म्हणालाय.

आपल्या घरी. म्हणजे माझ्या घरी, माझ्या ताटावर, वन्संचा पाहुणा म्हणून! मी कंगवा असा फिरवला की दात मोडला त्याचा. दुपारी बस सुटणार, वाटेत तो आपल्या गावी उतरणार, आणि त्याआधी तो वन्संना हो म्हणणार. मग मी आयुष्यभर माझ्याच स्वयंपाकघरातून त्या दोघांच्या चहात साखर घालायची.

त्या सकाळी मोठ्या दालनात गेलो. बाहेरचा उजेड मागे राहिला, आत गार काळोख, दिव्यांच्या तेलाचा वास, आणि समोर बसलेला केवढातरी बुद्ध. अर्धे मिटलेले डोळे. गाइड हळू आवाजात म्हणाला, कुठल्याही कोपऱ्यात उभे राहा, ते तुमच्याकडेच बघताहेत असं वाटेल. राजा असो की भिकारी, सगळ्यांवर सारखीच नजर. लोक कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन खात्री करून आले. मीही गेले. खरंच बघत होते. बघता बघता माझा राग निवला, खोटं कशाला बोलू. हात आपोआप जुळले.

पण वळले, तर दारापाशी ड्रायव्हर. एका हाताने काठीवालीला उंबरा ओलांडून देतोय, दुसऱ्या हातात वन्संची पिशवी, आणि चेहऱ्यावर तेच सगळ्यांना सारखं वाटलेलं हसू. मनात म्हटलं, बाबा रे, बुद्धांना ते शोभतं. ते घरदार सोडून निघाले होते. तुला अजून चहाला सोबत लागते. तू सगळ्यांकडे सारखं बघून कसं चालेल?

दालनाच्या मागे मोठा स्तूप होता. विटांचा, गोल, वरून उन्हात न्हाऊन निघालेला. त्याला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायची, अनवाणी, आणि एक शब्द न बोलता, असा तिथला नियम. दगड तापतात म्हणून वाटेवर काथ्याची पायघडी अंथरलेली. ड्रायव्हर निघाला, त्याच्या बरोबरीने वन्सं निघाल्या, मागे आमची सगळी सहल.

मी कुणाच्या मागून चालत नाही. त्या दोघांच्या पाठी बघत तर नाहीच नाही. मी उलट्या दिशेने निघाले.

फेरा अर्धा झाला नाही तोच समोरून तो आला. मला बघून थबकला. मग अर्धं अंग पायघडीबाहेर काढून त्याने मला साइड दिली. हात बाहेर काढून, बोटं हलवून, जा पुढे, अशी ड्रायव्हर लोक देतात तशी. वन्संनी डोळे वटारले. मी रुबाबात पुढे गेले. पुढच्या वेळी भेटलो तेव्हा त्याने पंजा उभा धरून मला थांबवलं आणि बोटाने हवेत गोल काढून दाखवला, सगळं जग इकडून चाललंय, म्हणून. मी पण हवेत गोल काढला. माझा उलटा. त्याच्या मिशा थरथरल्या. पोरींनो, सांगते काय... बरोबर चालणाऱ्या वन्संना त्याचा एक खांदा दिसत होता. मला मात्र दर फेऱ्याला अख्खा चेहरा मिळत होता, समोरून, आणि तो लांबून मला शोधत यायचा.

मग दुसऱ्या कुठल्यातरी सहलीची माणसं आली. पायघडी भरून गेली. सगळे समोरून येणार आणि मी एकटी उलटी. मला उतरावंच लागलं, उघड्या दगडावर. तव्यावर पाय पडावा तसा पडला. वळून लोकांबरोबर चालले असते तर काम भागलं असतं. पण वळले नाही. टाचांवर चालले, मग पावलांच्या कडांवर, मग ओठ चावून कशीही. आणि समोरून तो आला.

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे. आणि ते हसू एकदम उतरलं.

"अहो, डोळे आहेत की बटणं?"

शांत आवारात तो आवाज भिंतींवर आपटून परत आला. पारवे उडाले. "पाय सोलून निघाला तरी माघार म्हणून घ्यायची नाही. हा काय हट्ट झाला? कुणाला दाखवताय? इकडे या. आधी ह्याच्यावर उभ्या राहा." खांद्यावरचा टॉवेल त्याने खाली दगडावर फेकला. ठेवला नाही, फेकला. "हललात तर बघा."

एका म्हाताऱ्या भिक्षूंनी लांबून ओठांवर बोट ठेवलं. सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. भर उन्हात, भाजल्या पायाने, चारचौघांत बोलणी खात मी त्या टॉवेलवर उभी होते, आणि माझ्या अंगातून गार झुळूक जावी तसं झालं. अहो, म्हणाला तो मला. मी आमच्या ह्यांना आयुष्यभर अशीच हाक मारली. मला कधी कुणी मारली नव्हती.

वन्संनी मला कोपऱ्यातल्या नळावर नेऊन कट्ट्यावर बसवलं. खाली बसून माझ्या पायावर पाणी सोडत राहिल्या. मी तोंड उघडलं असतं तर जिंकल्याचा आवाज आला असता, आणि तो मला त्यांच्यापुढे काढायचा नव्हता.

"माझ्याशी ते कालपासून गोडच बोलताहेत, वहिनी," शेवटी त्या म्हणाल्या. "एकदासुद्धा चिडले नाहीत. मी बसमध्ये त्यांच्या चष्म्यावर बसले, तरी नाही."

त्यांच्या गालावर पाणी होतं. नळाचं उडालं असेल. मी पदराने पुसलं, आणि म्हटलं, तुमच्यासारखा आवाज मला असता ना वन्सं, तर मला उलटं फिरायची वेळ आली नसती. त्या हसल्या. म्हणाल्या, तुम्ही तरीही फिरला असतात. मग उठल्या, आणि बसमध्ये जागा धरते म्हणून निघून गेल्या. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ते काही सांगितलं नाही.

तो आला तेव्हा हातात बसच्या पेटीतली मलमाची नळी होती, आणि तोंडावर परत तेच गुळगुळीत हसू.

"माफ करा, ताई. मी असं बोलायला नको होतं."

"ताई कुणाला म्हणालात?"

तो गडबडला. मलम ह्या हातातून त्या हातात घेतलं. नळाची धार चालूच होती, ती वाकून बंद केली.

"ही गेल्यापासून मी कुणावर आवाज चढवला नव्हता," तो म्हणाला. हसू आता कुठे नव्हतं. "राग आवरायचो असं नाही. चढवावा असं... कुणी नव्हतंच. सगळे प्रवासीच. कोण कुठे उतरणार, कुणास ठाऊक. आज तुमचा पाय बघितला आणि ताबाच सुटला."

तो माझ्या पायाकडे बघत होता, मी त्याच्या कॉलरकडे. लांबून आमच्या बसचा हॉर्न वाजला.

"तुमच्या नणंदबाईंनी घरी बोलावलंय," तो म्हणाला. "येऊ का?"

"ते घर माझं आहे."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

मी मलम त्याच्या हातातून घेतलं. उभी राहिले. पाय झोंबत होता, पण उभी राहिले, कारण असलं काही बसून सांगायचं नसतं.

"या," मी त्याला म्हणाले. "आणि नीट ऐकून ठेवा. गोड बोलायला तुम्हाला अख्खं जग मोकळं आहे, त्याला माझी ना नाही. पण इथून पुढे रागवायचं, ते फक्त माझ्यावर. दुसऱ्या कुणावर आवाज चढवलेला कानावर आला, तर माझ्याशी गाठ आहे."