फायरवॉलची टिक

ऋषिराज पहिल्यांदा सांगवीला आला तो खांद्यावर केबलचं भेंडोळं घेऊन, आणि आल्या आल्या त्यानं जुनी ठिबकची नळी मागितली.

"नळीतनं केबल ओढली की खारी कुरतडत न्हाईत," तो म्हणाला.

घरातला आणि डाळिंबाच्या शेडातला, असे दोन कॉम्प्युटर जोडायचे होते. इंदापूरचा हा मुलगा ते ठिबकच्या नळीतून जोडतोय म्हटल्यावर घरची लेक स्वरूपा कामधाम सोडून त्याच्या मागं मागं फिरली.

"आता पिंग करा," शेडातून त्यानं घरात बसलेल्या स्वरूपाला फोन केला.

"म्हंजी?"

"हाक मारायची. उत्तर आलं की जोडणी बरोबर."

तिच्या हाकेला चार उत्तरं आली. त्याच्या हाकेला मात्र तिच्या कॉम्प्युटरकडून एकही नाही! तो घरात आला, तिच्या शेजारी वाकला... शर्टाला डाळिंबाच्या फुलाची पाकळी चिकटलेली. फायरवॉलची एक टिक त्यानं काढली.

"ही असली की तुमचा कॉम्प्युटर कुणाला ओ देत न्हाय."

तो गेला, आणि स्वरूपानं ती टिक परत लावली. बघू तरी काय होतंय! झालं एवढंच, की शेडातल्या वजनाच्या चिठ्ठ्या घरच्या प्रिंटरवर छापेनात, चिठ्ठीवाचून माल निघेना आणि दोन दिवसांनी ऋषिराज पुन्हा हजर.

असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला तिचे वडील मोहनराव भडकले.

"ह्याला कायबी येत न्हाय! वडगावच्या पाव्हण्यांनाबी सांगतो, ह्याला काम देऊ नका."

ऋषिराज मान खाली घालून पिशवी भरू लागला. त्याचे कान लाल झाले होते. स्वरूपा पुढं झाली.

"आबा, त्यांची चूक न्हाय. मीच बिघडवत हुते."

"का गं?"

"ते... परत यावेत म्हणून."

मोहनरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मग फोन करायचा की पोरी! माझा माल कशाला अडवलास?" म्हणत ते गोठ्याकडं निघून गेले.

ऋषिराजही पिशवी उचलून बाहेर पडला. गेला वाटतं... तिला रडू आलं. तेवढ्यात फोन वाजला. तो शेडातच होता.

"टिक काढा."

तिनं काढली.

"आली उत्तरं. चारीच्या चारी." तो म्हणाला. "ती टिक आपोआप लागत न्हाय, एवढं मला कळतं."

"मग आबा बोलत हुते तवा सांगितलं का न्हाय?"

"तुमचं नाव कसं घेऊ?"

स्वरूपाला हसू आवरेना, आणि डोळेही कोरडे होईनात.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "आईला घेऊन. कॉम्प्युटरला हात लावणार न्हाय."