मुठीकडे सरकणाऱ्या खाचा

गेन्पाची लोहार वारले, त्याच्या आठव्या दिवशी सकाळच्या बसने त्यांची बायको तोमी ताकेफूला किनुएकडे आली. काखेत मुळ्याच्या लोणच्याचा डबा होता आणि पिशवीत जुन्या सुती रुमालात गुंडाळलेली एक सुरी. सुरीला धार लावून हवी होती. इतकंच काम.

किनुए धारेच्या दगडापाशी बसली होती. वय एकसष्ट. बापामागे धारेचं काम तिनेच चालवलं होतं. गेन्पाची वरच्या गावात पोलाद तापवून घडवायचे, त्याला पाणी द्यायचे आणि ती काळी, बोथट पाती पेंढ्यात बांधून किनुएकडे पाठवायचे. पुढचं काम तिचं. तेहतीस वर्षं हे असंच चाललं. दोघांत बोलणं फारसं नव्हतंच. पात्याची पाठ कुठे केसभर जाड राहिली असली, तर किनुए तिथे खडूने गोल काढून ते परत पाठवी. पुढच्या खेपेला ती जाडी नसे. एखादं पातं फार चांगलं उतरलं असलं, की ते गठ्ठ्याच्या अगदी तळाशी असे. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, हे तिला समजायला चार वर्षं लागली होती.

"या वहिनी. आधी बर्फ झटका, मग बसा," किनुए म्हणाली.

"बसते कसली. परतीची बस अकराची. ही तेवढी बघ."

किनुएने रुमाल सोडला. जाड पाठीची, मासळीची डोकी तोडायची सुरी. तोमीच्या स्वयंपाकघरातली, वीस वर्षांपूर्वीची. मुठीवर शेगडीचा चटका बसून पडलेला काळा डाग होता, आणि पात्यावर छिन्नीने कोरलेली गेन्पाचींची खूण.

"हीच होती ना त्यांच्या छातीवर?"

"हीच."

माणूस गेला की दहनाला नेईपर्यंत त्याच्या छातीवर पातं ठेवतात. वाटेत काही आडवं आलं तर हाताशी असावं म्हणून. गेन्पाचींच्या छातीवर कुणी दुसऱ्याच्या हातचं पातं ठेवणं शक्यच नव्हतं. दहनानंतर तोमीने सुरी घरी आणली आणि अस्थींच्या कलशाशेजारी ठेवली. एकोणपन्नास दिवस जाणाऱ्याचा प्रवास चालतो, तोवर ती तिथेच राहणार होती.

किनुएने धारेवर अंगठ्याचं नख फिरवलं आणि थांबली. टोकाशी तीन खाचा होत्या.

"वहिनी, हाडं तोडलीत का हिने?"

"अगं, मासळीला शिवले नाहीये मी. सुतकात आहे."

धारेवरून माणूस ओळखणं हा किनुएचा हातखंडा. सुरी कोण वापरतं, काय कापतं, मन लावून कापतं की वैतागून, हे तिला दिसायचं. एका खानावळवाल्याला ती एकदा सहज म्हणाली होती, "नवा आचारी डोक्याने गरम दिसतो." तो चार दिवस तिच्याकडे बिचकून बघत होता. हाडाने धार कशी उडते, गोठलेल्या मांसाने कशी, दगडी फरशीने कशी, सगळं तिला पाठ होतं. या खाचा त्यांतल्या नव्हत्या. अरुंद, खोल, आणि दोन्ही कडा बाहेर वळलेल्या. पोलादावर पोलाद जोरात आपटलं, तरच असं होतं.

"पडली असेल कुठे," ती म्हणाली. तोमीने मान हलवली. किनुएने खाचा काढून दिल्या.

पुढच्या आठवड्यात, चौदाव्या दिवसाचा विधी उरकून तोमी पुन्हा आली. या वेळी खाचा चार होत्या, आणि टोकापासून दोन बोटं आत. एकविसाव्यानंतर आणखी आत. त्या खेपेला तोमीने सुरी पत्र्याच्या पेटीत ठेवून वर कुलूप घातलं होतं आणि किल्ली गळ्यात बांधली होती. तिने देवळातल्या भिक्षूंना विचारलं, तर ते म्हणाले, "सुरी बोथट होऊ देऊ नका."

किनुएला सवय होती, हाती येणाऱ्या प्रत्येक पात्याची आकृती कागदावर उतरवून ठेवायची. अठ्ठाविसाव्या दिवसानंतरची खेप आली, तेव्हा तिने चारही कागद एकाखाली एक मांडले आणि खाचांच्या जागी टिंबं दिली. टिंबं टोकाकडून मुठीकडे सरकत होती. ती कागदाकडे बघत बसली. बाहेर छपरावरचा ओला बर्फ घसरून धप्पकन पडला, तशी ती दचकली.

लांबच्या गोष्टीला सुरीचं टोक लागतं. अंगाशी आलेल्या गोष्टीला मुठीजवळचा भाग.

तिने कागद उलटा केला. पण तोमी चाळीस वर्षं लोहाराच्या घरात नांदलेली बाई होती.

"झाकू नकोस," ती हळूच म्हणाली. "जवळ येतंय ना ते..."

"काय येतंय, वहिनी?"

"मला काय ठाऊक. मुंगीसुद्धा मारली नाही गं त्या माणसाने. भट्टीत झुरळ शिरलं तर फुंकणी बाजूला ठेवून आधी त्याला वाट करून द्यायचे. मी चिडवायची, झुरळांचे जावई म्हणून." ती हसली आणि लगेच हसू आवरलं. "शेवटचा महिनाभर मात्र दाराकडे पाठ करून बसले नाहीत. मी म्हटलं, उन्हाकडे तोंड करा, बरं वाटेल. तर म्हणाले, नको, मला बघायचंय."

"काय?"

"तेच विचारलं मी. तर झोपले."

त्या दिवशी तोमी गेल्यावर किनुएने बराच वेळ दगड ओला केला नाही. तिच्या हातांनी आजवर हजारो पात्यांना धार दिली होती. मुळ्याची चकती कागदासारखी उतरावी म्हणून, माशाच्या पेशी फाटू नयेत म्हणून, कांदा चिरणाऱ्या बाईच्या मनगटाला त्रास होऊ नये म्हणून. चांगली धार म्हणजे कापल्या जाणाऱ्या वस्तूवरची दया, असं तिचा बाप म्हणायचा. कुणाला इजा करण्यासाठी धार कशी लावायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण पोलाद तिला समजत होतं. तिने पातं दगडावर नेहमीपेक्षा उभं धरलं. धार जरा जाड येऊ दिली, आघात सोसेल अशी, आणि शेवटी अगदी बारीक दगडावर फक्त चार हात मारले. ती स्वयंपाकघरातली सुरी राहिली नाही. किनुएने ती उजेडात धरली आणि तिला थोडी लाज वाटली, आणि थोडं समाधानही.

"ही घ्या," दुसऱ्या दिवशी सुरी न्यायला आलेल्या तोमीला ती म्हणाली. "हिने भाजी चिरू नका."

पस्तिसाव्या दिवसानंतर खाचा दोनच होत्या. बेचाळिसाव्यानंतर एकच. पण ती मुठीला अगदी चिकटून होती, आणि इतकी खोल की धारेच्या पोलादाला पाठीमागे जोडलेल्या मऊ लोखंडापर्यंत पोचलेली. त्याहून जवळ जागाच नव्हती. ती खाच काढायला किनुएला सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत घासावं लागलं. गार पाण्याने बोटं बधिर झाली. राखी चिखल पात्यावरून ओघळत राहिला आणि त्या चिखलाबरोबर गेन्पाचींचं पोलाद दगडावर जिरत राहिलं. सुरी आता मूळच्या रुंदीच्या निम्मी उरली होती.

"भाऊ," ती पात्याशी बोलली. तेहतीस वर्षांत तिने त्यांना अशी हाक मारली नव्हती. "आता काढण्याजोगं काही उरलं नाही. एवढ्यावर भागवा."

एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी पुरल्या गेल्या. आणि त्याच दिवशी दुपारी, बसची वेळ नसताना, तोमी शेजाऱ्याच्या गाडीतून आली. किती दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता. बसायच्या आधीच तिने रुमाल सोडला.

"बघ. एकसुद्धा नाही. मी दोनदा चष्मा पुसून बघितलं."

खरंच, धारेवर एकही खाच नव्हती.

"सुटले गं," तोमी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "पोचले एकदाचे. तुझ्यामुळे. दीर-जावा जमलेत, सुतक आज फिटतंय. मोठा मासा आणलाय, आणि तो मी याच सुरीने कापणार. म्हटलं, आधी किनुएला दाखवावी."

किनुएने सुरी हातात घेतली. मुठीवरचा डाग तोच. लोहाराची खूण तिथेच. तिने पातं उजेडाकडे वळवलं, आणि मग उलटवून दुसरं अंग पाहिलं.

या सुऱ्यांची धार एकाच बाजूने उतरती असते, दुसरी बाजू सपाट. उजव्या हाताने वापरायची असेल तर उतार उजव्या अंगाला. गेन्पाची उजव्या हाताचे, तोमीही. सात दिवसांपूर्वी किनुएने स्वतः घासलेला उतार उजव्या अंगालाच होता. आता ते अंग आरशाच्या काचेसारखं सपाट होतं, आणि उतार डावीकडे गेला होता. सुरी डावखुऱ्या माणसाची झाली होती. नवं पातं घेऊन बसलं तरी असं करायला आठ दिवस पुरले नसते. आणि उरलेल्या एवढ्याशा पोलादात तर ते होण्यासारखंच नव्हतं.

धार सुरेख होती. किनुएने लावली असती त्याहून सुरेख. फक्त ती तिची नव्हती.

सुरीवर खाच का नाही, हे तिला कळलं. जे जवळ येत होतं, सुरी आता त्याच्याच हातात होती, आणि त्याच्यावर कुणी वार करतच नव्हतं.

"काय गं? काही राहिलंय का?" तोमीने विचारलं.

किनुएने वर पाहिलं. समोर सात आठवडे न झोपलेली एक म्हातारी बाई होती, आणि तिला आज झोप लागणार होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य किनुएच्या तोंडाशी आलं आणि तिने ते गिळलं.

"मुठीच्या आत गंज धरलाय, वहिनी. मासा कापताना पातं निखळेल. राहू द्या माझ्याकडे."

"आजच नेमकं?"

"ही न्या. माझी आहे." तिने स्वतःच्या ओट्यावरची सुरी धुतली, पुसली आणि त्याच रुमालात बांधून दिली. "पातं भाऊंचंच आहे. तळाशी आलेलं."

"तळाशी म्हणजे?"

"चांगलं होतं, म्हणून."

तोमीने रुमाल छातीशी धरला. दारात थांबून म्हणाली, "ते सुटले ना गं नक्की?"

"सुटले, वहिनी," किनुए म्हणाली.

गाडीचा आवाज वळणापलीकडे विरला, तेव्हा किनुए सुरीपाशी परत आली. पातं जिथे मुठीत शिरतं त्या कोपऱ्यात दगडाचा थोडा चिखल साचला होता. तांबूस रंगाचा. तसा दगड तिच्याकडे नव्हता, आणि तिच्या माहितीतल्या कुठल्याच डोंगरात निघत नव्हता. तिने करंगळीचं टोक लावून पाहिलं. चिखल ओला होता.

वसंतात तोमीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मुळ्याचं लोणचं पुन्हा येऊ लागलं. सुरी किनुएने पेंढ्यात बांधून फळीवर, मापाच्या पट्टीशेजारी ठेवून दिली आहे. तिला दगड लावत नाही, कुणाला हात लावू देत नाही. दर सात दिवसांनी सकाळच्या उजेडात सोडते, रुंदी मोजते आणि परत बांधते.

पातं कशालाही लागलेलं नसतं. एकही खाच नाही, धार कुठे मेलेली नाही, वापराची खूण म्हणून नाही. फक्त दर खेपेला ते केसभर अरुंद झालेलं असतं. चांगला धार लावणारा एका बैठकीत जेवढं घासतो, बरोबर तेवढंच.