सोबतीला कोण?

सरोवराकाठच्या त्या जिल्हा रुग्णालयात पेशंटला काय होतंय हे नंतर विचारत. आधी विचारत, "सोबतीला कोण?" सगळ्या मलावीत हीच रीत. स्वयंपाक, अंघोळ, कूस बदलणं, स्ट्रेचर ढकलणं ही नातेवाइकांची कामं. उरलेलं सरकार बघतं. उरलेलं म्हणजे पलंग, आणि तोही दोघांत एक.

फ्रॅक्सन तिथे क्लिनिकल ऑफिसर होता. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर नसताना जो डॉक्टर असतो तो. आणि डॉक्टर बहुधा कार्यशाळेला गेलेले असत.

बायकांच्या वॉर्डात एचआयव्हीच्या पेशंट बऱ्याच. गोळ्या सुटल्या की एखादीच्या मेंदूच्या आवरणात बुरशी धरते, डोक्यात दाब वाढतो, माणूस वेदनेने भिंतीवर डोकं आपटतो. औषधं असतातच, पण पाठीत सुई घालून पाणी काढलं तरच दाब उतरतो. मात्र सुईने माणूस मरतो, अशी गावोगाव खात्री. कारण होकार मिळतो तो पेशंट शेवटच्या घटका मोजू लागल्यावर. मग माणूस मातीत जातो आणि सुई बदनाम होते.

त्या थंडीत वॉर्डात एक बाई येऊ लागली. जिला सोबत नाही तिच्याजवळ बसायची, भरवायची, तोंड पुसायची. फ्रॅक्सनला ती कधी दिसली नाही. तो पोचेपर्यंत पेशंटच्या ओठांना मक्याची पेज लागलेली असे, आणि पलंगाजवळचं स्टूल उबदार असे.

"कोण ही?" त्याने सिस्टर ट्रुफेनाला विचारलं.

"असेल कुणाची तरी मावशी. ठेंगणी आहे, हिरवं कापड गुंडाळते. भत्ता मागत नाही, संडासाची तक्रार करत नाही. साहेब, आयती मिळालीय, कशाला उकरून काढता?"

झाडूवाली म्हणाली, ठेंगणी कुठली, चांगली माडासारखी उंच आहे. पेशंटांपैकी एक म्हणाली, ती माझी आई. दुसरी म्हणाली, सासू. त्या सासूला तिने स्वतःच्या हाताने न्हाऊ घालून पुरलं होतं.

पुढे त्याच्या लक्षात आलं, ती जिच्याजवळ बसते तिचं डोकं दुखायचं थांबतं. मग ती पेशंटच सुईला नको म्हणते. "आता कशाला? बरं वाटतंय की." आणि पोटभर जेवून, गुपचूप मरते. वॉर्डातला आरडाओरडा लक्षणीय कमी झाल्याबद्दल मेट्रनबाईंनी बैठकीत समाधान व्यक्त केलं.

अशात फायनेस दाखल झाली. फ्रॅक्सनची थोरली बहीण, शाळामास्तरीण. त्याला तिनेच शिकवलेलं. नव्या पास्टरच्या पवित्र पाण्यापायी तिने गोळ्या सोडल्या होत्या. डोकं दोन्ही हातांत धरून आली.

"ताई, सुई घालू दे."

"त्यापेक्षा शवपेटीचं लाकूड बघ. चांगलं भरीव बघ, तुझ्या डोक्यासारखं नको."

"मी बाकीच्यांना टोचतोच ना?"

"आणि त्या कुठायत आता?"

कळ आली तशी ती वाकली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "एनिफाआत्या येऊ दे. तिने हात धरला तर टोच."

आत्या गावाहून निघाली होती. ती येईपर्यंत फ्रॅक्सन स्टुलावर बसून राहिला. स्टूल रिकामं सोडायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं. का, ते त्याने स्वतःलाही सांगितलं नाही, शिकलेला होता.

दुपारी मेट्रनबाई आल्या. "चला, राजधानीहून, लिलाँग्वेहून पाहुणे आलेत. 'रुग्ण हाच केंद्रबिंदू' यावर तुम्ही दोन शब्द बोलायचेत."

"माझी बहीण आहे ही, मॅडम."

"मग तर फारच छान. अनुभवाचे बोल होतील."

ट्रुफेनाला स्टुलावर बसवून तो गेला. टाळ्या झाल्या. परतला तेव्हा ट्रुफेना पलीकडे पडलेल्या म्हातारीला उचलत होती. "एवढ्यातच उठले हो साहेब!"

फायनेसचा चेहरा स्वच्छ पुसलेला होता. कपाळावर एक आठी नव्हती.

"दुखत नाही रे आता."

"कोण आलं होतं?"

"आई. आणखी कोण?"

आईला पुरून कित्येक वर्षं झाली होती.

"ताई, सुई..."

"कशाला?"

आता आत्याचाच आधार होता. आत्याचा शब्द फायनेसने कधी मोडला नव्हता.

आत्या आली ती डोक्यावर भांडं, काखेत कोंबडी, तोंडात शिव्या. "कुठाय ती पवित्र पाण्याची घागर? थांब, तुझ्या पास्टरला त्याच पाण्यात..."

ती पलंगाशी पोचली.

भांडं खाली ठेवलं. दोन्ही गुडघे टेकले. थोरामोठ्यांसमोर वाजवतात तशी हलकी टाळी वाजवली. स्टुलाकडे तोंड करून.

"उपकार झाले, वहिनी."

"आत्या, तिथे कुणी नाही."

"शिकून डोळे गेले वाटतं," आत्या पुटपुटली. "उठते मी. गाडी चुकेल."

"आत्या, तिला सुईला हो म्हणायला सांग. तुझंच ऐकते ती."

"आई बसलेली असताना मी कोण सांगणारी?"

ती पाठ न दाखवता, मागे सरत दाराबाहेर गेली.

फ्रॅक्सनने स्टूल धरून ओढलं. हलक्या लाकडाचं स्टूल.

हललं नाही.

फायनेसने तोंड उघडलं. मिटलं. आणि सावकाश चावू लागली.