दहावा घोट

मुला, आधी एक घोट पाणी पी आणि पिताना लक्ष दे. गिळताना श्वास क्षणभर थांबला ना? घशाखाली दोन वाटा आहेत, एक पोटाकडे जाणारी, दुसरी फुप्फुसांकडे. पाणी उतरतं तेव्हा श्वासाची वाट बंद होते. चुकून एखादा थेंब तिकडे गेलाच, तर ठसका त्याला हाकलून लावतो. आता कल्पना कर, हा ठसका देणारा पहारेकरीच झोपी गेला आहे.

जयसिंगपूरच्या आप्पा मगदूमांचं तसंच झालं होतं. चाळीस वर्षं शाळेत कबड्डी शिकवलेला माणूस. मेंदूच्या झटक्यातून ते वाचले, उजवा हात तेवढा लुळा राहिला. संकट टळलं असं घरच्यांना वाटलं. पण चहाचे थेंब गुपचूप फुप्फुसात उतरत राहिले. ठसका येत नसल्यामुळे कोणाला कळलंही नाही. सहा महिन्यांत न्यूमोनियाने त्यांना दोनदा रुग्णालयात आणलं. या खेपेला अन्नपाण्यासाठी नाकातून पोटात नळी घालावी लागली.

गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या नसीमाताईंनी त्यांच्या गळ्यावर टिकलीएवढा ‘कंठकर्ण’ चिकटवला. गळ्याचा कानच तो. घोट कुठल्या वाटेने गेला हे तो आवाजावरून ओळखतो आणि पडद्यावर हिरवा किंवा लाल ठिपका उमटवतो.

“दहांतले आठ हिरवे आले की नळी काढू,” ताई म्हणाल्या. “शुक्रवारी परीक्षा. जमलं तर लगेच घरी.”

“म्हणजे रविवारी माझी कबड्डीची मॅच बघायला,” दहा वर्षांची नात इरा म्हणाली.

कृती सोपी होती: श्वास धरायचा, गिळायचं, खाकरायचं, मगच श्वास घ्यायचा. पण आप्पांचा क्रम चुके. सगळे ठिपके लाल. तिसऱ्या दिवशी त्यांनी चमचा ढकलून दिला.

“आप्पा, आमच्या संघातली नवी पोरगीसुद्धा एवढ्यात दम सोडत नाही,” इरा म्हणाली.

“गप बस गं,” आप्पा जड जिभेने म्हणाले. पण डोळ्यांत काहीतरी हललं.

इराने बँडेजची पट्टी घेऊन जेवणाच्या ट्रेवर आडवी चिकटवली. पट्टीपलीकडे पाण्याची वाटी ठेवली. “ही मधली रेषा. चढाई करा. परत आल्याशिवाय दम सोडायचा नाही.”

आप्पांचा डावा हात रेषेपार गेला. दम धरलेला. चमचा भरला, ओठांना लागला, घोट उतरला. हात रेषेच्या अलीकडे आला, आप्पा खाकरले, मग त्यांनी श्वास घेतला.

हिरवा.

नसीमाताईंनी चष्मा पुसला. “हे आमच्या पुस्तकात नाही हो.”

शुक्रवारी परीक्षा झाली. नऊ घोटांत सात हिरवे, दोन लाल. दहाव्याला आप्पांच्या गळ्यावर घाम आला होता. कंठकर्णाची कड सुटली आणि पडदा करडा झाला. तेवढ्यात घोट उतरलाही होता.

“घसा थकतो, आज अकरावा देता येणार नाही,” ताई म्हणाल्या. “यंत्र गप्प असलं की निर्णय माझा. खाकरल्यावर यांचा आवाज स्वच्छ आहे. आठ धरते.”

इराने श्वास सोडला. घोट उतरताना आप्पांचा डावा खांदा बारीकसा खचला होता, ते तिने पाहिलं होतं. दम सुटला की तो असाच खचतो, हे मैदानावरच्या प्रत्येक मुलीला माहीत होतं. नसीमाताईंना माहीत नव्हतं. रविवार दोनच दिवसांवर होता. इरा काही बोलली नाही.

आप्पा मुलींना एक गोष्ट नेहमी सांगत: बाद झालात तर पंचाने बघायची वाट पाहू नका.

त्यांनी डावा हात वर केला.

“काय हवंय, आप्पा?” ताईंनी विचारलं.

“बाद,” आप्पा म्हणाले. “दम सुटला माझा.”

ताईंना समजायला थोडा वेळ लागला. “मग नळी अजून आठवडाभर राहील. तुम्ही इथंच.”

“राहू दे. पुढच्या शुक्रवारी.”

त्यांची मान ताठ होती. गळ्यावरचा कान घोट ऐकतो. पण आतून आलेला हा ‘बाद’ ऐकणारं यंत्र कोणी बनवू शकेल का?

इरा ट्रेवरच्या रेषेच्या या बाजूला उभी होती. तिने आप्पांकडे पाहिलं, मग ताईंकडे, आणि सावकाश आपलाही हात वर केला.