न पुसता रंगवलेली भिंत

चाकणजवळच्या बबनरावांच्या बंगल्यात मी गेलो तो एका अत्यंत साध्या कामासाठी: एका भिंतीचा रंग पाहून येण्यासाठी. माझी भाची योगिनी चार दिवसांनी त्या घरात सून म्हणून जाणार होती. नव्या सुनेने कुंकवात बुडवलेले तळहात दर्शनी भिंतीवर उमटवायचे, ही त्या घराची रीत. परंतु त्या भिंतीवर पहिल्या सुनेचे, तनुजाचे, ठसे अजून होते. ती सात महिन्यांपूर्वी तापाने गेली, असे आम्हांला सांगण्यात आले होते.

बबनरावांनी आदल्या आठवड्यात फोनवर विचारले होते, की ते ठसे पुसावेत का. लोकाचारांचा अभ्यासक म्हणून मी शांतपणे उत्तर दिले: अहेव, म्हणजे नवरा जिवंत असताना, गेलेल्या स्त्रीचे कुंकू पुसणे त्या भागात नवऱ्याच्या जिवाला अशुभ मानतात, वरून रंग द्यावा. तिच्या मृत्यूविषयी मी एक प्रश्नही विचारला नाही. त्या उत्तराची मला आजही चीड येते.

सकाळचे अकरा वाजले होते. बबनरावांचा मुलगा, योगिनीचा होणारा नवरा अजिंक्य, कंपनीत, पहिल्या शिफ्टला. हॉलमधली ती दर्शनी भिंत मुद्दाम खरबरीत केलेली, खड्ड्याखड्ड्यांची. बीडकडचे रंगारी मारुतराव लांब केसांचा रोलर तिच्यावर आडवातिडवा फिरवत होते, कारण आखूड केसांचा रोलर केवळ उंचवट्यांवरून जातो आणि खड्डे कोरडेच राहतात.

"मारुतराव, भिंत रंगवताय का न्हाऊ घालताय?" बबनराव सोफ्यावरून म्हणाले.

"तुमची भिंत माझ्यापेक्षा जास्त पिते, मालक."

आम्ही हसलो. पहिला कोट वाळला, तेव्हा खांद्याच्या उंचीवर दोन तांबडे तळहात पुन्हा दिसू लागले. मारुतरावांनी मला हळूच सांगितले, की भिंत आधी धुवायला हवी होती; कुंकू पाण्याच्या रंगातून वर येतेच, पण मालकांनी धुवू दिले नाही. स्पष्टीकरण चोख होते. मी ते मनोमन टिपूनही घेतले.

दुसरा कोट दाट दिला. तो वाळत असता मला प्रथम वास जाणवला: रंगाच्या वासाखालून येणारा, ओल्या केसांचा. मग आवाज. खरबरीत भिंतीवर रोलर चर्र, चर्र असा चिकटत जातो, तो आवाज तासभर कानांत बसला होता. मात्र रोलर आता ट्रेमध्ये पडून होता, मारुतराव दोन्ही हात पुसत उभे होते, आणि आवाज चालूच होता… खड्ड्यातून खड्ड्यात, सावकाश, खालच्या बाजूला.

त्या आवाजामागून ठसे उमटत गेले. खांद्याशी नव्हेत; कमरेच्या उंचीवर, मग गुडघ्याच्या, मग फरशीलगत. प्रत्येक ठशाची बोटे मुख्य दाराकडे ताणलेली, आणि प्रत्येक बोटामागे आतल्या खोलीकडे गेलेला लांब ओरखडा. त्याचा अर्थ लावण्यासाठी विद्वत्ता लागत नव्हती. कोणीतरी दाराकडे झेपावत होते, आणि कोणीतरी तिला मागे ओढत होते.

मी वळलो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बबनरावांच्या पत्नी, अंबुबाई, उभ्या होत्या.

"तनुजा कशाने गेली?" मी विचारले.

"तापानंच," बबनराव म्हणाले.

अंबुबाई भिंतीवरून नजर काढत नव्हत्या. "तिला म्हायेरी जायचं व्हतं," त्या पुटपुटल्या. "दाराला कुलूप घालायचं राह्यलं व्हतं त्या दिवशी… आतल्या कडीपातूर पोचली व्हती पोर."

"गप बस," बबनराव त्यांच्यावर खेकसले, आणि मग माझ्याकडे पाहून, अगदी मऊ आवाजात, "पाव्हणं, घरातली गोष्ट हाय ही. तुमी शिकलेली मानसं. अजून एक कोट दिला की झालं."

संताप इतका थंड असू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. एका मुलीला या माणसांनी ओढून मारले. तिचे कुंकू मात्र जपले, कारण ते पुसल्याने मुलाच्या जिवाला अपाय झाला असता. आणि त्या जपण्याला शास्त्र पुरवणारा मी होतो.

"माझी भाची या घरात पाऊल ठेवणार नाही," मी म्हणालो, "आणि अंबुबाई आत्ता जे बोलल्या, ते मी ठाण्यात लिहून देणार आहे."

मी तसाच चाकणच्या ठाण्यात गेलो आणि जबाब दिला. तिथून चिंचवडला बहिणीकडे पोचेतो सहा वाजले. सगळे ऐकून बहीण रडू लागली. योगिनी मात्र रडली नाही. लग्न मोडले ना, एवढेच तिने दोनदा विचारून घेतले. मला हायसे वाटले.

तेवढ्यात मारुतरावांचा फोन आला. ते शिडी न्यायला परत गेले होते.

"सर… खांद्याशी अजून दोन उमटलेत. नवे."

"तांबडे?"

"न्हाई. तपकिरी. नक्षी हाय त्यात… बोटांवर वेली, मधी मोर."

मी फोन खाली ठेवला आणि योगिनीला हात दाखवायला सांगितले. तिची मेंदी कालच काढून झाली होती. कोपरापासून मनगटापर्यंत ती गडद रंगली होती. मनगटाखाली दोन्ही तळहात कोरे होते.

"मामा, मी धुतलेली नाही," ती म्हणाली. "दुपारपर्यंत होती."